पणजी ते मुरगाव शिडाच्या यॉटने, आणि मग वास्को: पॅकेज घ्या, पण क्रम उलटा करून घ्या

रेटिंग 5 पैकी 4, आणि तो एक मार्क का कापला ते आधी सांगते कारण बुकिंग करणाऱ्याला तेच कामाचं आहे. पॅकेज असं असतं की सकाळी पणजीहून शिडाची यॉट, मांडवीच्या मुखातून बाहेर, काबोच्या टोकाला वळसा मारून मुरगाव बंदरासमोर, तिथून परत पणजी, जेवण, आणि दुपारी गाडीने वास्को. हे नेमकं उलटं पाहिजे. हिवाळ्यात सकाळी जमिनीकडून येणारा मतलई वारा असतो तो उन्हं वर आली की पडतो, मग समुद्र तेलासारखा गप्प, शिडं लोंबकळतात आणि इंजिन चालू करावं लागतं, म्हणजे तुम्ही शिडाचे पैसे देऊन डिझेलच्या धुरात बसता. खरा वारा दुपारी बारा-एकनंतर वायव्येकडून भरतो. आणि इकडे वास्कोचा मासळी बाजार सकाळीच बघायचा असतो, दुपारी तिथे काय उरलंय. आम्ही नंतर परत गेलो तेव्हा फोनवरच हट्ट धरून क्रम बदलून घेतला, थोडी कुरकुर केली त्यांनी कारण संध्याकाळी त्यांचं सनसेटचं गिऱ्हाईक असतं, पण दिला बदलून. दिवस इतका वेगळा गेला की काय सांगू.

आता बोटीबद्दल. यॉट जुनी आहे पण दोर, विंच, लाईफ जॅकेट सगळं नीट ठेवलेलं, आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे स्किपर. पणजीतून निघाल्या निघाल्या कॅसिनोची जहाजं, बेतीची फेरी आडवी जातेय, मालिमच्या जेटीवरून ट्रॉलर सुटतायत, या सगळ्यातून तो घाई न करता काढतो आणि तोंडाने सांगत राहतो की आता मी काय बघतोय. मला वाटायचं शिडाच्या बोटीला सगळे वाट देतात. मोकळ्या समुद्रात इंजिनच्या बोटीने द्यायची असते हे खरं, पण अरुंद चॅनलमध्ये, म्हणजे जहाजांसाठीच्या खोल पाण्याच्या वाटेत, नियम वेगळा, 20 मीटरपेक्षा लहान बोट किंवा कुठलीही शिडाची बोट असो, जे जहाज फक्त चॅनलमधूनच जाऊ शकतं त्याच्या वाटेत तिने यायचं नाही. म्हणून तो लाल-हिरव्या बोयांच्या रांगेच्या बाहेरून, कडेकडेने जातो (बंदरात शिरताना लाल डावीकडे, हिरवा उजवीकडे), आणि चॅनल ओलांडायचाच झाला तर सरळ आडवा, पटकन.

माझ्या मुलीला त्याने एक युक्ती शिकवली ती मला फार आवडली. लांबचं जहाज कंपासवर धरायचं आणि थोड्या वेळाने परत बघायचं, आकडा बदलला तर ते पुढून किंवा मागून निघून जाणार, आकडा तोच राहिला आणि जहाज मोठं मोठं होत गेलं तर टक्कर ठरलेली, लगेच दिशा बदला. ती मग पूर्ण वेळ तेच करत बसली. आणि पाच छोटे भोंगे ऐकू आले तर समजायचं की ते जहाज म्हणतंय तुझं काय चाललंय ते मला कळत नाहीये. मोठ्या जहाजाच्या ब्रिजवरून नाकासमोरचं पाणी दिसतच नाही, नियमातच दोन जहाजलांबी किंवा 500 मीटर, यातलं जे कमी असेल तेवढी आंधळी जागा धरलेली आहे, त्यात आपली यॉट म्हणजे नाहीच.

बाबा सोबत होते. त्यांची सगळी नोकरी खनिज वाहणाऱ्या बार्जवर, म्हणजे सपाट मालवाहू बोटीवर गेली, मांडवीतून मुरगावला, आणि पावसाळ्यात आग्वादचा बार, म्हणजे नदीच्या मुखावरचा वाळूचा उथळ पट्टा, वाहतुकीला बंद झाला की कुंभारजुव्याच्या कालव्यातून जुवारीत. ते स्किपरला म्हणाले, "भरलेल्या बार्जला ब्रेक नसतो पुता, तू लांबून जातोस ते बरं करतोस." त्यावर तो म्हणाला, "काका, तुम्ही बसा सुकाणूवर, मी शिडं बघतो." आणि खरंच बसवलं त्यांना. बाबांचा चेहरा बघायला पाहिजे होता. इतकी वर्षं याच पाण्यात काढलेला माणूस, पण इंजिनच्या आवाजाशिवाय हे पाणी त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं.

मुरगावसमोर नांगर टाकलेली जहाजं उभी असतात, पुढच्या बाजूला काळा गोळा टांगलेला दिसला की नांगरावर आहे समजायचं. त्यांच्या नाकासमोरून तो जात नाही, शेपटीकडून जातो, कारण ओहोटीचं पाणी तुम्हाला कधी साखळीवर नेऊन घालेल सांगता येत नाही. इथेच दुसऱ्या महायुद्धात जर्मनीची तीन आणि इटलीचं एक जहाज आसरा घेऊन अडकून पडली होती, पोर्तुगाल तटस्थ होता म्हणून. मार्च 1943 मध्ये ब्रिटिशांनी कलकत्त्याच्या हौशी स्वारांची एक टोळी बार्जमधून पाठवली आणि त्यातल्या एरेनफेल्स या जर्मन जहाजावर रात्री छापा घातला, त्या रात्री जहाजं जळाली, बुडाली. शाळेत आम्हाला हे कोणी सांगितलं नव्हतं. बंदराच्या धक्क्यावर अर्थात उतरू देत नाहीत, सिक्युरिटी कडक आहे, लांबूनच बघायचं.

वास्कोचा भाग मात्र पॅकेजवाल्यांनी उरकल्यासारखा केलाय. गाडी, जपानी गार्डन, फोटो, चला. गाईडला विचारलं तर फक्त गावाला वास्को द गामाचं नाव आहे एवढंच माहीत. खरं तर सड्यावर उभं राहून सांगण्यासारखं किती आहे! 1683 मध्ये संभाजी महाराजांनी जुन्या गोव्याजवळचं जुवे बेट घेतलं तेव्हा पोर्तुगीज व्हाइसरॉयने असा धसका घेतला की राजधानीच मुरगावला हलवायचं ठरलं, बांधकामसुद्धा सुरू झालं आणि मग बारगळलं. 1888 ला रेल्वे आली तेव्हा बंदराचे दिवस फिरले. हे मराठी माणसाला सांगितलं तर त्याचे डोळे चमकतील की नाही? बंदरातून उडणाऱ्या कोळशाच्या भुकटीबद्दल इथले लोक वर्षानुवर्षं बोलतायत, तेही गाईडने टाळलं, ते मला पटलं नाही.

म्हणून गाईड सोडा, गाडी फक्त नेण्या-आणण्यापुरती घ्या. आधी खारीवाड्याला ट्रॉलर लागतात ते बघा, मग मासळी बाजार, मग दामोदराचं देऊळ. प्लेगच्या साथीत जांबावलीच्या दामोदराचा नारळ आणून इथला सप्ताह सुरू झाला, नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी आजही चोवीस तास अखंड भजन चालतं, रात्री पार, म्हणजे देखाव्यांच्या भजनी मिरवणुका, निघतात. तेव्हा वास्कोला गेलात तर बाकी काही बघू नका. बाजाराजवळ साधी खाणावळ शोधा, बांगडा, सुक्या सुंगटांची (कोळंबीची) किसमूर, सोलकढी, पण पोटभर नको कारण दुपारी समुद्रावर जायचंय. बोट लागण्याची सवय असेल तर उलटीची गोळी निघायच्या आधीच घ्या, किती आधी ते पाकिटावर बघा.

पावसाळ्यात हे बंद असतं, ऑक्टोबरनंतर फोन करा. दर स्वस्त नाही, दोन कुटुंबं मिळून घेतलं तर परवडतं. लहान मुलांच्या मापाची जॅकेट आधी सांगितली तरच ठेवतात, तेवढं विसरू नका.