‘हॅलोविन’ आधी की ‘टेक्सास’ आधी?

माझा भाचा बावीस वर्षांचा आहे, रात्री हरभऱ्याच्या वावरात जागलीला जातो. रानडुकरं यायची वेळ होईपर्यंत डोळा लागू नये म्हणून मोबाइलवर पिक्चर पाहतो. परवा त्याचा फोन आला, “मामाजी, थो मास्कवाल्या खुन्याचा जुना पिक्चर पाहाचा हाय. एकच पाहाचा असन तं कोनता पाहू?” फोनवर मी एका शब्दात उत्तर दिलं. पण प्रश्न तेवढ्यावर सोडण्यासारखा नाही.

माझ्या लेखी निवड दोघांतच आहे. जॉन कार्पेंटरचा ‘हॅलोविन’ (१९७८) आणि टोबी हूपरचा ‘द टेक्सास चेनसॉ मॅसेकर’ (१९७४). ‘फ्रायडे द थर्टीन्थ’ (१९८०) चं नाव सगळ्यांना माहीत असतं, पण त्यात मारण्याच्या तऱ्हाच जास्त लक्षात राहतात. ज्या हॉकी मास्कवरून तो ओळखला जातो, तो मास्कही १९८२च्या तिसऱ्या भागात आला. तो मागाहून केव्हाही पाहता येईल.

या दोन्ही पिक्चरना पैसा नव्हता. ‘हॅलोविन’ सव्वातीन लाख डॉलरच्या आसपास झाला, ‘टेक्सास’ दीड लाखाच्या आत. आणि दोन्हींत रक्त फार कमी दिसतं. पाहून उठलेला माणूस मात्र शपथेवर सांगेल की पडदा लाल झाला होता.

खेड्यातल्या माणसाला ‘टेक्सास’ लवकर झोंबतो. तो १९७३च्या उन्हाळ्यात टेक्सासमध्येच चित्रित झाला. तिथला अडतीस-चाळीसचा पारा चंद्रपूर-अकोल्याच्या माणसाला किरकोळ वाटेल, पण खिडक्या झाकलेलं बंद घर, वर तापलेले दिवे, आत खरी हाडं आणि सडत चाललेलं मांस अशी अवस्था होती. जेवणाच्या टेबलाचा प्रसंग सलग चोवीस तासांहून जास्त वेळ चित्रित होत राहिला. लेदरफेस म्हणजे त्यातला मुखवटेवाला खुनी झालेल्या गुन्नार हॅन्सनकडे कपड्यांचा एकच जोड होता आणि तो धुतला जात नव्हता. पडद्यावरचा घाम खरा आहे, आणि ते पाहताना कळतं.

त्यातला एक प्रसंग माझ्या डोक्यातून जात नाही. एक जोडपं पोहायला म्हणून निघतं, तर पाणी आटलेलं. लांबून जनरेटरचा आवाज येतो. थोडं पेट्रोल मागून घेऊ, म्हणून दोघं त्या एकट्या घराकडे चालू लागतात. आपल्याकडे भर उन्हात वावरातून चालताना इंजिनाचा आवाज आला की जिवात जीव येतो. तिथं माणूस आहे, पाणी आहे, हे कोणी सांगावं लागत नाही. मी स्वतः कितीतरी वेळा त्या आवाजाच्या दिशेनं गेलो आहे. हूपर नेमका तोच भरवसा मोडतो. घरात पाऊल टाकताच आतून एक प्रचंड माणूस येतो, हातोड्याचा घाव, आणि लोखंडी दार खाडकन सरकून बंद. सगळं काही सेकंदांत. दार बंद झाल्यावर आपण त्या दाराकडे पाहत बसतो.

त्या घरात राहणारं खुनी घराणं कत्तलखान्यात काम करणारं आहे. हातोड्याच्या जागी यंत्र आलं आणि माणसं कामावरून गेली, असं त्यातलाच एक जण सांगतो. त्यामुळे त्यांना माफी मिळत नाही, पण ते आकाशातून पडलेले वाटत नाहीत. सुरुवातीला ही सत्यघटना असल्याचं सांगतात, त्यावर विश्वास ठेवू नका. कथा रचलेली आहे. विस्कॉन्सिनच्या एड गीन या गुन्हेगारावरून काही धागे घेतले, इतकंच.

तरीही मी भाच्याला ‘हॅलोविन’ सांगितला.

सहा वर्षांचा मायकल मायर्स १९६३ साली बहिणीचा खून करतो. पंधरा वर्षांनी रुग्णालयातून पळून आपल्या गावी परततो. का, हे पिक्चर सांगत नाही. आपल्या भीतीच्या गोष्टींत कारण असतं. हडळ म्हणजे बाळंतपणात गेलेली बाई, मुंजा म्हणजे सोडमुंज व्हायच्या आत गेलेला पोर. कारण आहे म्हणून उताराही आहे. मायकलला दोन्ही नाही. त्याचा डॉक्टर पंधरा वर्षं त्याच्याजवळ राहून एवढंच सांगू शकतो की याच्या आत निव्वळ दुष्टपणा आहे. चेहराही तसाच कोरा. ‘स्टार ट्रेक’ या अमेरिकी मालिकेतल्या कॅप्टन कर्कचा दोन डॉलरांहून स्वस्त मुखवटा आणून त्याला पांढरा रंग मारला, डोळ्यांची भोकं मोठी केली. चुना मारलेल्या भिंतीला डोळे फुटावेत तसं ते तोंड दिसतं.

शिवाय तो घाई करत नाही. भर दुपारी पिक्चरची नायिका लॉरी खिडकीतून खाली पाहते, तर शेजारच्या अंगणात दोरीवर वाळणाऱ्या कपड्यांमध्ये तो उभा. परत पाहते, तर नुसते कपडे हलताहेत. कॅमेरामन डीन कुंडी चौकटीची एक बाजू मुद्दाम मोकळी ठेवतो आणि आपली नजर त्या मोकळ्या जागेत कोणाला तरी शोधत राहते. म्हणून टीव्हीवर पाहणार असाल तर वर-खाली काळ्या पट्ट्या दिसल्या तरी झूम करू नका. कडा कापल्या तर निम्मी भीती कापली. मी पहिल्यांदा अशाच कापलेल्या सीडीवर पाहिला होता आणि लोक याला एवढं का मानतात ते मला कळलंच नव्हतं.

संगीत कार्पेंटरचंच. वडिलांनी लहानपणी बोंगोवर शिकवलेला पाच मात्रांचा ठेका त्यानं पियानोवर घेतला. खंजिरी भजनात वाढलेल्या कानाला आठ मात्रांची सवय असते. इथं पाय टेकायला जावा आणि पायरीच नसावी, असं दर फेरीला होतं. इअरफोन लावून ऐका.

मला सर्वांत जास्त घाबरवतं ते शेजारच्या घराचं दार. लॉरी जीव तोडून ओरडत ते ठोठावते. व्हरांड्यातला दिवा लागतो, पडद्याआडून कोणीतरी पाहतं, आणि दिवा विझतो. आमच्या गावात रात्री बाई ओरडली तर अर्धी आळी काठ्या घेऊन धावते. दार न उघडणारा शेजारी मला मुखवट्याहून भयंकर वाटतो.

लॉरीसाठीच मी हा पिक्चर दरवर्षी पाहतो. एकोणीस वर्षांच्या जेमी ली कर्टिसचा हा पहिला चित्रपट. ती शूर म्हणून आलेली नाही, शेजाऱ्यांची मुलं सांभाळायला आली आहे. हातात विणकामाची सुई असते तर सुई वापरते, आणि स्वतःआधी मुलांना घराबाहेर काढते.

खोट सांगायची तर पहिला तासभर हा पिक्चर फार हळू चालतो. एकवीस मिनिटांच्या एपिसोडची सवय असलेल्याला जड जाईल. ‘टेक्सास’ ८३ मिनिटांचा आहे, हा ९१चा, पण वाटायला बराच मोठा वाटतो. उलट ‘टेक्सास’चा शेवटचा अर्धा तास म्हणजे सलग किंकाळ्या. आधी तोच पाहिला तर काही जण या वाटेला परत येणार नाहीत. मी स्वतः तो दुसऱ्यांदा पाहायला सहा वर्षं घेतली. भयपट पचलेले असतील आणि अंगावर येणारंच हवं असेल, तर खुशाल तो आधी घ्या. लहान पोरांना दोन्ही दाखवू नका.

भाच्यानं ‘हॅलोविन’ पाहिला, माचणावर, एकट्यानं. सकाळी बहिणीचा मला फोन, “काय दाखवलंस रे त्याले? आल्या आल्या दोरीवरचे कपडे काढून आनले त्यानं, वल्लेच.” ‘टेक्सास’ आम्ही मे महिन्यासाठी ठेवला आहे. दुपारी, माझ्याकडे, कूलर बंद करून.