नेटवर्क ड्रायव्हरने सर्व्हर पाडला तर: नेटकन्सोल की केडम्प?

लिनक्स सर्व्हर अधूनमधून पडतो, लॉग मध्येच संपतो आणि संशय नेटवर्क ड्रायव्हरवर आहे. अशा वेळी कर्नलचा (लिनक्सच्या गाभ्याचा) शेवटचा ट्रेस, म्हणजे पडताना तो काय करत होता याची नोंद, हाती लागल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

नेटकन्सोल, म्हणजे कर्नलचे संदेश नेटवर्कवरून दुसऱ्या मशीनला पाठवणारं मॉड्यूल, लावणं सोपं. मॉड्यूलला इंटरफेस आणि समोरच्या मशीनचा आयपी व मॅक पत्ता द्यायचा, तिकडे यूडीपी पोर्ट ६६६६ वर नेटकॅट (येणारा मजकूर दाखवणारं छोटं साधन) ऐकत ठेवायचा. समोरचं मशीन दुसऱ्या सबनेटमध्ये असेल तर मॅक गेटवेचा द्यावा. कन्सोल लॉगलेव्हल ८ करून घ्या, नाहीतर बरेच संदेश येतच नाहीत. मेमरी अडकत नाही, रीबूटही लागत नाही. डिस्कची किंवा फाइलसिस्टमची भानगड असती तर मी आधी हेच लावलं असतं.

इथे मात्र गाडं अडतं. नेटकन्सोलचं पॅकेट त्याच ड्रायव्हरच्या ट्रान्समिट क्यूमधून बाहेर पडतं. ड्रायव्हर त्या क्यूचं लॉक (एका वेळी एकालाच क्यू वापरू देणारी कडी) धरूनच कोसळला की पुढचं पॅकेट जात नाही. ट्रेस सुरुवातीच्या काही ओळींवर तुटतो आणि नेमका कॉल ट्रेस (कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावलं त्याची यादी) हरवतो. त्याच कार्डाचा दुसरा पोर्ट वापरूनही भरवसा नाही, कारण ड्रायव्हर तोच. वेगळ्या ड्रायव्हरवर चालणारं दुसरं कार्ड असेल तर गोष्ट निराळी.

केडम्प म्हणजे कर्नल पडताच मेमरीची प्रत (डम्प) काढून ठेवणारी सोय. तिच्यासाठी क्रॅशकर्नलला, म्हणजे पडल्यावर उठणाऱ्या दुसऱ्या कर्नलला, मेमरी राखावी लागते (साध्या सर्व्हरला बहुधा २५६ एमबी पुरते), एकदा रीबूट करावं लागतं आणि डम्प लिहून होईपर्यंत सेवा बंद राहते. पण पॅनिक (सावरता न येणारी चूक होऊन कर्नल थांबणं) होताच राखीव मेमरीतला दुसरा कर्नल उठतो, त्याला जुन्या ड्रायव्हरच्या लॉकशी देणंघेणं नसतं. डम्प स्थानिक डिस्कवरच घ्या. एनएफएस किंवा एसएसएच दिलंत तर दुसरा कर्नलही तोच ड्रायव्हर लोड करील, म्हणून त्याच्या बूट पॅरामीटरमध्ये तो ड्रायव्हर ब्लॅकलिस्ट केलेला बरा. पॅनिक-ऑन-ऊप्स १ ठेवा, म्हणजे कर्नलमधल्या चुकीवर (ऊप्स) लगेच पॅनिक होईल. सर्व्हर नुसताच गोठत असेल तर हार्डलॉकअप-पॅनिकही (प्रोसेसर अडकला की पॅनिक करणारी सेटिंग) चालू करा, नाहीतर केडम्पला जाग येत नाही. सगळं लावून झालं की देखभालीच्या वेळेत सिसआरक्यूच्या (कर्नलला थेट आज्ञा देण्याच्या सोयीच्या) 'सी'ने मुद्दाम क्रॅश करून पाहा. ही चाचणी टाळू नये.

डम्पसोबत डीमेसेजची (कर्नलच्या संदेशांची) साधी मजकूर फाइलही बहुतेक ठिकाणी मिळते. तिच्यात आरआयपीच्या (कोसळताना चालू असलेल्या सूचनेच्या पत्त्याच्या) ओळीत चौकटी कंसात मॉड्यूलचं नाव दिसलं की पुष्कळदा तेवढंच पुरतं. मग इथटूल या नेटवर्क कार्डाची माहिती देणाऱ्या आज्ञेने ड्रायव्हर आणि फर्मवेअरची आवृत्ती टिपून जुन्या कर्नलवर बूट करून बघायचं.

एक जीबीच्या छोट्या व्हीएमवर एवढी मेमरी सोडणं जड जातं, तिथे नेटकन्सोल ठीक. बाकी ठिकाणी माझा कल केडम्पकडे आहे.