दम्याचा एकच पंप : पावसाळा, दिवाळी आणि थंडी काढल्यावर

गेल्या पावसाळ्यापासून बुडेसोनाइड-फॉर्मोटेरॉलचा पंप (२००/६, म्हणजे एका पफमधले दोन्ही औषधांचे मायक्रोग्रॅम) वापरतेय. त्याआधी कित्येक वर्षं नुसता निळा, सालब्युटामॉलचा. निळ्याने दोन पफमध्ये श्वास मोकळा व्हायचा, नाही असं नाही. पण तो श्वासनळीचे आवळलेले स्नायू तेवढे सैल करतो, आतली सूज तशीच राहते. म्हणून 'जिना' (GINA) या दम्यावरच्या जागतिक संस्थेच्या मार्गदर्शनात २०१९पासून मोठ्यांना एकट्या निळ्या पंपावर ठेवू नये असं आहे.

नव्यात सुजेसाठी बुडेसोनाइड हे स्टिरॉइड आहे आणि स्नायू सैल करणारं फॉर्मोटेरॉलही. ते काही मिनिटांत लागू पडतं आणि साधारण बारा तास टिकतं, त्यामुळे रोजचा पंप हाच, धाप लागली तरी हाच. सुरुवात सकाळ-संध्याकाळ एकेक पफ, वर लागेल तसा. ऑगस्टमधल्या ओल आलेल्या भिंतींपुढे ते पुरेना. रात्री उठून बसायची पाळी यायची. डॉक्टरांनी डोस वाढवण्याआधी मला समोर पंप मारायला लावला, स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) दिला आणि मगच दोन-दोन केले. वरच्या पायरीवर टायोट्रोपियम वगैरे जोडीची औषधं असतात, तिथवर गेले नाही.

उतरताना मात्र घाई चालत नाही. दिवाळीपर्यंत मला बरं वाटत होतं, पण निदान तीन महिने दमा आटोक्यात हवा, शिवाय धुराच्या किंवा सर्दीच्या दिवसांत डोस कमी करायचा नसतो. थंडी सरल्यावर परत एकेकावर आणलं. बंद केलेलं नाही.

तक्रारी आहेत. चूळ भरून थुंकायचा कंटाळा केला की आवाज बसतो, तोंडात पांढरा थर येऊ शकतो. जास्त पफ झाले की हात थरथरतात. खर्च निळ्यापेक्षा बराच जास्त. आणि घरात 'स्टिरॉइड' शब्दाचा बाऊ! अॅटॅक आल्यावर मोठ्या माणसाला दिवसाला ४० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन (पोटात घ्यायचं स्टिरॉइड) देतात, म्हणजे ४०,००० मायक्रोग्रॅम. माझ्या एका पफमध्ये बुडेसोनाइड २०० मायक्रोग्रॅम. सासूबाईंना हे गणित पटलं, नणंदेला अजून नाही.

घ्यायचा विचार असेल तर डॉक्टरांकडून लेखी प्लॅन मागून घ्या. या पंपाचे रोजचे आणि धाप लागल्यावरचे धरून दिवसाला १२ पफ ही मोठ्यांसाठी कमाल मर्यादा. तिच्या जवळपास पोचलात, तर पुढचा पफ मोजत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.