जोशुआ ट्री की डेथ व्हॅली? गुपचूप लग्नासाठी वाळवंट निवडताना

फोंड्यात लग्न म्हटलं की हजार माणसं आणि वाढप्यांवर ओरडणारे काका, म्हणून आम्ही दोघांनी कॅलिफोर्नियात वाळवंटात जाऊन उरकायचं ठरवलंय (आईला अजून सांगितलेलं नाही, सांभाळून घ्या).

डोक्यात तिथली दोन नॅशनल पार्क आहेत, डेथ व्हॅली आणि जोशुआ ट्री. डेथ व्हॅली दिसायला भारीच. बॅडवॉटर बेसिन समुद्रसपाटीच्या 86 मीटर खाली, पांढऱ्या मिठाचा थर, त्यावर षटकोनी भेगा, अगदी आपलं मिठागर उन्हाळ्यात सुकल्यासारखं, फक्त नजर जाईल तिथवर. पण डिसेंबरात बघायला गेलो तेव्हा शूजच्या तळाला मीठ चिकटलं, पैठणीच्या काठाचं काय होईल विचार करा. आणि उन्हाळ्यात तर नावच नको, 1913 मध्ये तिथे 56.7 अंश नोंदलेत.

जोशुआ ट्री लॉस एंजेलिसहून बरंच जवळ, गोल गुळगुळीत खडक, हात वर केल्यासारखी झाडं, फोटोला वेगळं काही करावंच लागत नाही. रेंज मात्र बहुतेक ठिकाणी नाही आणि पाणीही आत फारसं कुठे मिळत नाही, कॅन भरून न्यायचे.

परमिट दोन्हीकडे लागतं, ड्रोन दोन्हीकडे बंद, तांदूळही उडवायचे नाहीत, म्हणजे अक्षता गेल्याच. तिथलं मॅरेज लायसन्स (लग्नाआधी काढायचा सरकारी परवाना) 90 दिवस चालतं, साक्षीदार एक पुरतो, इकडे गोव्यात सिव्हिल रजिस्ट्रारकडे दोन फेऱ्या असतात.

माझं मत जोशुआ ट्री, मार्चमध्ये, सूर्य उतरताना. माझा जोडीदार अजून डेथ व्हॅलीच्या मिठावरच अडकलाय.