मेळघाटासाठी कवळी: हाताने घडवलेली, दूर छापलेली की गाडीतच छापलेली?

धारणी किंवा चिखलदरा तालुक्यातील वृद्धांसाठी कवळीचा उपक्रम सुरू करू पाहणाऱ्या संस्थेपुढे आज तीन पर्याय आहेत. पहिला, हाताने माप घेऊन दंत प्रयोगशाळेत तयार होणारी नेहमीची कवळी. दुसरा, तोंडाचे किंवा घेतलेल्या मापाचे चित्र प्रकाशाने टिपणारा स्कॅनर गाडीतून गावापर्यंत न्यायचा, मापाची फाइल शहरातील केंद्राकडे पाठवायची आणि तिथे थ्रीडी प्रिंटरवर छापलेली कवळी पुढच्या फेरीत घेऊन जायची. तिसरा, छपाईचे यंत्रही गाडीतच बसवायचे आणि गावातच काम पूर्ण करायचे. देणगीदारांना तिसरा पर्याय सर्वांत जास्त भावतो, कारण त्यात सगळे डोळ्यांदेखत घडते. माझा कल मात्र दुसऱ्या पर्यायाकडे आहे, आणि त्यातही मापाचे काम हातानेच करावे असे मला वाटते.

नेहमीच्या पद्धतीत रुग्णाला साधारणपणे पाच वेळा यावे लागते. पहिल्या भेटीत प्राथमिक माप घेतले जाते. त्यावरून खास त्या तोंडासाठी बनवलेल्या ट्रेने (मापाचे साहित्य भरून तोंडात धरायच्या पात्राने) दुसऱ्या भेटीत कडांसह अंतिम माप घेतात. तिसऱ्या भेटीत मेणाच्या कड्यांवर दोन्ही जबड्यांमधील उंचीची आणि चाव्याची नोंद होते, चौथ्या भेटीत मेणात बसवलेले दात तोंडात घालून पाहतात आणि पाचव्या भेटीत कवळी हाती येते. या पद्धतीच्या दर्जाबद्दल शंका घेण्याचे कारण नाही; साच्यात भरून उष्णतेने पक्के केलेले ॲक्रिलिक कित्येक दशके लोकांच्या तोंडात टिकून आहे, साहित्य स्वस्त आहे आणि ते हाताळणारे तंत्रज्ञ जिल्ह्याच्या ठिकाणी मिळतात. अडचण अंतराची आहे. धारणीहून अमरावती सुमारे दीडशे किलोमीटर, तेही घाटरस्त्याने, आणि शासकीय दंत महाविद्यालय गाठायचे तर त्याहून पुढे नागपूर. दर खेपेला सोबत येणाऱ्या मुलाची किंवा सुनेची मजुरी बुडते. कोरकू कुटुंबांतील धडधाकट माणसे सुगीनंतर कामासाठी बाहेर पडतात आणि होळीला घरी परततात. मधल्या महिन्यांत वृद्धांना घेऊन येणारेच कोणी घरात नसते. त्यामुळे दोन-तीन भेटींनंतर काम अर्धवट सुटते आणि घेतलेली मापे वाया जातात.

डिजिटल पद्धतीचा खरा लाभ इथेच आहे. दोन, फार तर तीन भेटींत कवळी देता येते, कारण मधली प्रयोगशाळेची बरीच कामे संगणकावर होतात आणि साचे, प्लास्टर, मेण यांची ने-आण संपते. फाइल जपून ठेवली की कवळी हरवली किंवा पडून फुटली तरी नव्याने माप न घेता तशीच दुसरी छापता येते. एकट्या राहणाऱ्या वृद्धासाठी या सोयीचे मोल फार मोठे आहे. कवळीच्या आतल्या बाजूला नावही छापता येते, ज्याचा वृद्धाश्रमात चांगला उपयोग होतो; अर्थात नावाची चिठ्ठी पारदर्शक ॲक्रिलिकखाली बसवण्याची जुनी रीतही तेवढेच काम करते.

परंतु दात नसलेले तोंड स्कॅनरला अवघड जाते, ही गोष्ट यंत्र विकणारे सहसा स्वतःहून सांगत नाहीत. दात असतील तर त्यांच्या खाचाखोचांवरून स्कॅनर एक चित्र दुसऱ्याशी जुळवत पुढे जातो. गुळगुळीत, लाळेने ओल्या हिरडीवर त्याला धरायला खूण सापडत नाही, आणि जिभेच्या कडेला पोहोचताच चित्र तुटते. शिवाय वरची कवळी टाळूला धरून राहते ती कडेच्या व मागच्या बाजूच्या नेमक्या दाबामुळे आणि लाळेच्या पातळ थरामुळे. गाल आणि ओठ हलताना कड कुठवर येते, मऊ टाळूचा भाग किती दबतो, हे स्पर्श न करता प्रकाशाने टिपता येत नाही. म्हणून अनुभवी डॉक्टर ट्रेमध्ये माप हातानेच घेतात आणि त्या मापाचा स्कॅन करतात. एकाच भेटीत माप, चाव्याची नोंद आणि ओठांच्या आधाराची नोंद उरकते. फाइल मात्र डिजिटलच राहते. ज्यांच्याकडे जुनी, सैल झालेली पण सवयीची कवळी आहे, त्यांचे काम आणखी सोपे होते: तीच कवळी ट्रेसारखी वापरून आत नवे माप घ्यायचे, सगळ्या बाजूंनी स्कॅन करायची आणि लगेच परत द्यायची. रुग्णाला एक दिवसही बिनदाताचे राहावे लागत नाही.

कवळी कोणत्या साहित्यातून तयार होते, हाही निवडीचा भाग आहे. कारखान्यात मोठ्या दाबाखाली तयार झालेल्या ॲक्रिलिकच्या चकतीतून कोरलेली कवळी सर्वांत मजबूत असते आणि तिची बसणी अचूक असते, पण कोरण्याचे यंत्र महाग आणि जड असते आणि बरेच साहित्य भुशासारखे वाया जाते. छापलेली कवळी त्यामानाने स्वस्त पडते, मात्र वाकण्याचा ताण ती कमी सोसते आणि तिचे दात लवकर झिजतात व डागाळतात. मिश्री, खर्रा, तंबाखू-चुना यांची सवय असलेल्या माणसाच्या बाबतीत हा मुद्दा गौण नाही; २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात २४.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरत होते. याच कारणाने कोणत्याही पद्धतीत मापापूर्वी गालाची आतली बाजू, जीभ आणि हिरड्या नीट तपासल्या पाहिजेत, कारण पांढरा चट्टा किंवा न भरणारी जखम कवळीखाली झाकली जाणे धोक्याचे आहे.

गाडीतच छपाई करण्याविषयी माझे आक्षेप अगदी व्यवहाराचे आहेत. छपाई थर-थर करून चालते आणि मध्येच वीज गेली की तो तुकडा फेकून द्यावा लागतो. तापमान बदलले की रेझिनचा, म्हणजे ज्यातून कवळी छापतात त्या द्रवाचा, दाटपणा बदलतो, आणि मेळघाटातील थंडीची पहाट व मे महिन्याची दुपार यांत मोठे अंतर आहे. छापलेला भाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवावा लागतो, जे चटकन पेट घेते. त्यानंतर तो अतिनील प्रकाशात पक्का करावा लागतो, आणि न सुकलेले रेझिन त्वचेला त्रासदायक असल्याने उरलेल्या द्रावाची विल्हेवाट ओढ्याकाठी लावता येत नाही. घाटातून हादरत आलेले यंत्र पुन्हा समतल करण्यात वेळ जातो. तेच यंत्र अखंड वीज असलेल्या खोलीत ठेवले, तर एकटा तंत्रज्ञ अनेक गावांचे काम सांभाळू शकतो. गावात इंटरनेट नसले तरी फाइल लॅपटॉपवर ठेवून संध्याकाळी तालुक्याला पोहोचल्यावर पाठवता येते.

एका तपासणीच्या वेळी माझ्यासमोर बसलेल्या आजींनी दोन वर्षांपूर्वी शिबिरात मिळालेली खालची कवळी पदराच्या गाठीतून काढून दाखवली होती. ती सुबक होती आणि तिच्यावर एकही डाग नव्हता, कारण ती तोंडात राहिलीच नव्हती. डाव्या बाजूची एक कड टोचत होती. बोटावर मोजण्याइतक्या मिनिटांचे घासण्याचे काम होते, पण ते करायला कोणी परत आले नव्हते. तोवर हिरडीही झिजून काडीसारखी झाली होती. दात काढल्यानंतर खालच्या जबड्याचे हाड वरच्यापेक्षा सुमारे चौपट वेगाने झिजते. म्हणून कवळी घडवण्याच्या पद्धतीइतकाच पैसा नंतरच्या भेटींसाठी राखून ठेवावा, आणि तो राखणे शक्य नसेल तर कवळ्यांची संख्या कमी करावी, असे मी आग्रहाने सांगतो.

निधीचा विचार करताना २०१७ मध्ये सुरू झालेली केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना पाहावी. दारिद्र्यरेषेखालील ज्येष्ठांना मोफत द्यावयाच्या साधनांत चष्मा, श्रवणयंत्र आणि काठीबरोबर कवळीचाही समावेश आहे. तुमचे काम रस्त्यावरच्या मोठ्या गावापुरते असेल आणि जवळ चांगला तंत्रज्ञ असेल, तर स्कॅनरवर लाखो रुपये घालू नयेत. नेहमीची पद्धतच धरावी आणि वाचलेले पैसे रुग्णांच्या प्रवासखर्चाला द्यावेत. गावे विखुरलेली असतील आणि वर्षानुवर्षे तिथे जाण्याची तयारी असेल, तर स्कॅनर व दूरची छपाई घ्यावी. दातांची चाचणी घेताना आजी-आजोबांना त्यांच्या कोरकूतच बोलू द्यावे, म्हणजे उच्चार अडखळतात का ते कळते; त्यासाठी आशाताई शेजारी हव्यात. कवळी दिल्यानंतरच्या दोन भेटींच्या तारखा पहिल्याच दिवशी केसपेपरवर लिहून द्याव्यात, त्या आठवडी बाजाराच्या दिवशी धराव्यात, आणि गाडीत दुसरे काही नसले तरी कवळी घासण्याचे छोटे यंत्र, म्हणजे मायक्रोमोटर, व टोचणारी जागा दाखवणारी पेस्ट असावी.