कॉम्बोबॉक्स आणि डाउन ॲरो: आठ महिन्यांनंतर

विंडोज फॉर्म्सच्या (विंडोजवरचे प्रोग्रॅम बनवायची मायक्रोसॉफ्टची चौकट) कॉम्बोबॉक्सवर, म्हणजे खाली उघडणाऱ्या यादीवर, ‘सिलेक्शन चेंज कमिटेड’ हा इव्हेंट (निवड बदलली की आपला कोड चालवणारी सूचना) लावून आठ महिने झाले. तो आला की निवडलेल्या नावाचा तपशील मागवणारी क्वेरी जाते. आधी ‘सिलेक्टेड इंडेक्स चेंज्ड’ होता. यादीला डेटासोर्स (नावं जिथून येतात तो साठा) दिला की तो लगेच यायचा, त्यामुळे ‘लोड चालू आहे’ सांगणारा एक बुलियन (हो किंवा नाही साठवणारा व्हेरिएबल) प्रत्येक फॉर्ममध्ये बाळगावा लागे. नवा इव्हेंट कोडमधून निवड बदलली तर येत नाही. सगळे बुलियन उडवले तेव्हा काय हलकं वाटलं होतं!

महिनाभरात तक्रार आली, फॉर्म अडकतो. माझ्याकडे काही अडकेना, मी माउसवाला. शेवटी एंट्री करणाऱ्या ताईंच्या शेजारी जाऊन बसलो. त्या टॅबने यादीवर येतात, ती उघडतच नाहीत आणि डाउन ॲरो नऊ वेळा दाबून दहाव्या नावावर पोचतात, तेही स्क्रीनकडे न बघता. यादी मिटलेली असताना दर बाणाला ‘कमिटेड’ येतो. नऊ क्वेऱ्या, त्यातल्या आठ फुकट. एफ४ दाबून यादी उघडली तर मात्र बाण फिरवताना तो गप्प असतो, एंटरला येतो. पण एफ४ दाबतंय कोण?

मग की-डाउनमध्ये (कळ दाबली की येणाऱ्या इव्हेंटमध्ये) एंटर पकडायला गेलो. फॉर्मला ॲक्सेप्ट बटण (एंटरने चालणारं बटण) असेल आणि यादी मिटलेली असेल, तर एंटर परस्पर बटणाकडे जातो, कॉम्बोबॉक्सला पत्ताच नसतो. शिवाय बाणाच्या की-डाउनमध्ये सिलेक्टेड इंडेक्स अजून जुनाच असतो.

सध्या ३०० मिलिसेकंदांचा टायमर आहे. दर ‘कमिटेड’ला तो नव्याने सुरू होतो, त्याची वेळ पूर्ण झाली की क्वेरी जाते. कोणी घाईने टॅब मारला तर ‘लीव्ह’मध्ये (फोकस यादीवरून हलला की येणाऱ्या इव्हेंटमध्ये) राहिलेली क्वेरी लगेच चालवतो. एवढ्यावर निश्चिंत होतो, आणि एकदा जुन्याच नावाचा तपशील सेव्ह झाला. एंटरने सेव्ह बटण चालतं, पण फोकस हलत नाही. मग ‘लीव्ह’ येणार कुठून? आता सेव्हच्या पहिल्या ओळीतही राहिलेली क्वेरी आधी चालवतो.

माउसचं चाक चुकून फिरलं तरी निवड बदलते. मी माउस-व्हील इव्हेंटमध्ये ‘हँडल्ड’ (‘हे हाताळून झालं’ ही खूण) ट्रू करून ते बंदच केलं.

टाइप करून ऑटोकंप्लीट होणाऱ्या यादीत मात्र हार मानली. तिथे नाव पुरं करून टॅब मारला की ‘कमिटेड’ येईलच याचा भरवसा नाही. त्या एका फॉर्मवर जुना इव्हेंट परत लावलाय, आणि त्याच्यासोबत तो बुलियनही.