व्हॅनेडियम उत्प्रेरक: चाळून वापरायचा की नवा भरायचा?

विदर्भात कपाशी-सोयाबीनला पडणाऱ्या सुपर फॉस्फेटमागे सल्फ्युरिक आम्ल असतं, आणि आम्लामागे व्हॅनेडियम पेंटॉक्साइडचा उत्प्रेरक. सिलिकावर बसवलेले हे दाणे सुमारे ४०० अंशांवर सल्फर डायऑक्साइडचा ट्रायऑक्साइड करतात, आणि त्यापासून पुढे आम्ल बनतं.

त्या तापमानाला दाण्यांतले क्षार वितळलेले असतात, म्हणून राख-धूळ त्यांना चिकटते. दाणे थराथरांनी भरलेले असतात; त्यातला पहिला थर आधी तुंबतो, वायू ढकलणाऱ्या पंख्यावर (ब्लोअरवर) ताण येतो, वीजबिल चढतं. दुखणं एवढंच असेल तर चाळणं स्वस्त. थर उपसायचा, चुरा काढायचा, चांगले दाणे परत भरायचे आणि तूट नव्या मालाने भरून काढायची. फक्त हे काम उन्हाळ्यात उरका. वापरलेला माल दमट हवेतलं पाणी ओढतो आणि मऊ पडतो. आपला श्रावण त्याला मानवत नाही.

पण चाळणीने जोम परत येत नाही. अति उष्णतेने किंवा आर्सेनिकने दाणा मेला असेल तर नवाच हवा. सिझियम हा धातू घातलेला प्रकार कमी तापमानालाच काम सुरू करतो, पण महाग. सगळ्या थरांत तो भरणं मला उधळपट्टी वाटते.

चुरा मात्र बांधावर टाकू नका, तो घातक कचरा आहे.